नारळांची काकी घेऊन परदेशात: मालवण ते पेडणे, १९५४

परदेशी जायचं आमच्या घरात ठरलं ते फाल्गुनात, चुलीसमोर. आई भाकरी थापत होती. मान वर न करताच ती बाबांना म्हणाली, "ओ, माका अक्केक आणूची आसा. ह्याच म्हयन्यात."

अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. पेडण्याला असायची. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दीर होता तोही आफ्रिकेला गेला. पेडणे मालवणापासून तुम्ही आज मोटारीने सकाळचा चहा पिऊन निघालात तर जेवायच्या आत पोचाल. पण तेव्हा तिथे पोर्तुगीज होते. तेरेखोलची खाडी ओलांडली की परदेश. रोज नवा नियम निघत होता आणि लवकरच खाडीवरची तर, म्हणजे माणसं नि मोटारी पलीकडे नेणारी होडी, बंद होणार अशी कुणकुण होती. मावशीने पलीकडून येण्यासाठी अर्ज केला होता, पण कागद काही हलत नव्हता. तर बंद झाली की अक्का कायमची तिकडे, एवढं आईला कळत होतं.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना हर्षवायूच व्हायचा बाकी होता. आयुष्यभर मुलांना नाईल नि ॲमेझॉन शिकवली, स्वतः कणकवलीच्या पलीकडे गेलेले नव्हते! त्यांनी नवी वही केली, वर लिहिलं ‘परदेशगमन योजना’. शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला. त्यावर आमचा सगळा प्रवास माशीच्या पायाखाली झाकला जात होता, तरी बाबा भिंग लावून बसायचे. परदेशात घड्याळ किती पुढे लावायचं याची त्यांनी पोस्टमास्तरांकडे चौकशी केली. ऐन उन्हाळ्यात लोकरीचा मफलरही बांधून घेतला.

मोटार तात्यांची. तात्या माझे थोरले काका. मुंबईत एका शेठजींकडे ड्रायव्हर होते, शेठजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांच्या गळ्यात मारली. घरात तिला ‘शेठ’च म्हणत. शेठचा एक दरवाजा काथ्याने बांधलेला होता आणि चढ आला की आम्ही उतरून ढकलायचं, हे ठरलेलं.

आता खरी मेख. बाबांनी परवाना काढला पाच नावांचा: ते, आई, तात्या, काकी आणि मी. काकी मात्र घरीच राहणार होती. येताना तिच्या नावावर मावशीला बसवून आणायचं, असा बाबांचा बेत. पण जाताना पाच माणसं दिसायला हवीत ना! म्हणून पोत्यात सोलून ठेवलेले नारळ भरले, पोत्याला काकीचं जुनं लुगडं नेसवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि ही काकी मागच्या सीटवर माझ्या शेजारी आडवी ठेवली. खरी काकी दारात उभी राहून बघत होती.

"माज्यापेक्षा बारीक दिसता," ती म्हणाली, "पण ऱ्हवांदे."

निघालो. चौके गावावरून धामापूर, तळ्याकाठी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. (तुम्हीही डबा घरूनच न्या, तळ्याकाठची सावली फुकट आहे.) पुढे नेरूरपारला कर्लीची खाडी. आता पूल आहे. तेव्हा दोन होड्या शेजारीशेजारी बांधून वर फळ्या टाकायचे, त्यावर मोटार. माणशी एक आणा, मोटारीला सव्वा रुपया आणि फळी सरकली तर ज्याचं त्याचं नशीब.

इथे तात्यांबद्दल सांगायलाच हवं. तात्या गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाणी ओलांडत नसत. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून आपलं जे काय असेल ते मोठ्याने, उघड सांगायचं, आणि भोवतीच्या सगळ्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. त्यात खोटं चालत नाही. देवाला फसवून कुठे जाणार?

तात्यांनी टोपी सारखी केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही जी काय तुजी लेकरा पलीकडे जातत, तेंची होडी सरळ ने, शेठच्या चाकात जोर दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धक्क्यावरच्या कोळणी, तरीवाला, बैल घेऊन थांबलेला शेतकरी, सगळे ओरडले. बाबा घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या वहीत चहाला सात मिनिटं होती, गाऱ्हाण्याला रकानाच नव्हता.

वेंगुर्ल्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी शिरोड्याची मिठागरं बघत आरोंद्याला पोचलो. आपल्या काठावर तात्यांनी गाऱ्हाणं उरकलं, तरीने पलीकडे किरणपाणीला उतरलो. परदेश! बाबांनी मफलर गुंडाळला. नाक्यावर उंच टोपीचा एक कारकून बसला होता. बाबांनी पाठ केलेली पोर्तुगीज वाक्यं सुरू केली. तो बिचारा ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तरानू, सरळ बोला. मी हंयचोच."

परवाना बघून तो गाडीशी आला. "ही बाय कित्याक निजली?"

"ताप," बाबा म्हणाले. कारकून दोन पावलं मागे सरला. तात्यांना खोटं बोलवत नव्हतं, पण खरं बोलायची सोय होती. ते म्हणाले, "सकाळपासून एक शब्द बोलाक नाय."

"नशीबवान आसात," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

परदेशाचं वर्णन करायचं तर माती लाल, माड उंच, कुत्री आमच्यासारखीच भुंकणारी. बाबा हिरमुसले. पाव तेवढा वेगळा, बाहेरून कडक नि आत लुसलुशीत, पेडण्यात गेलात तर सकाळी गरम असतानाच घ्या. मावशीने दारातच आईला मिठी मारली नि सोडेचना. दोन दिवस आम्ही तिच्या हातचं माशांचं हुमण नि भात जेवलो. नारळांची काकी शेजाऱ्यांत वाटून टाकली.

निघायच्या सकाळी आईने कुंकवाचा करंडा उघडला. काकी म्हणून जायचं तर सवाष्ण दिसायला हवं. मावशीने झटकन मान मागे घेतली.

"लोक काय म्हणतले गो शांते?"

"लोक हंयसर ऱ्हवतले. तू माज्याकडे येतंस," आई म्हणाली आणि कुंकू लावलं. काकीचं जुनं मंगळसूत्रही घातलं. मावशीने आरशात बघितलं, हसली, मग रडायला लागली. आम्ही तिघी रडलो, लपवत नाही. तात्या अंगणात शेठच्या टायरकडे टक लावून उभे होते, जणू पहिल्यांदाच बघतायत.

बाबांनी वाटेत सगळ्यांची तयारी करून घेतली. मावशीने बोलायचं नाही. आईने ‘अक्का’ म्हणायचं नाही. मी हसायचं नाही. चाळीस पानांच्या वहीत सगळं होतं. नाक्यावर तोच कारकून. त्याने पाच नावं वाचली, पाच डोकी मोजली, "ताप उतारलो मां?" विचारलं. मावशीने मान डोलावली. त्याने शिक्का उचलला. बाबांच्या कपाळावरचा घाम मफलरने टिपला गेला, पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला.

आणि तात्या खाली उतरले. समोर पाणी होतं ना! त्यांनी टोपी सारखी केली.

"तात्या, नको!" बाबा कुजबुजले. पण पाण्यापुढे उभे राहिलेले तात्या कुणाचं ऐकतात?

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तरीवर चढणारी माणसं थबकली.

"हे जे बायलमाणूस गाडयेत बसला आसा, ती माजी बायल न्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक नेहमीच्या सवयीने ओरडले. आईने माझा दंड इतका आवळला की चार दिवस वळ होते.

"ती भावाची मेवणी. तिका कागद नाय. येताना बायलेच्या नावान आमी नारळ आणले, ह्या तुका ठावक आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका हंयसर कोण नाय. पाठची भैण पलीकडे आसा. तर बंद झाली तर दोघी एकमेकींक बघूक मिळाच्यो नाय. ह्या सायबाच्या मनात दया घाल आणि तिका सुखरूप पलीकडे ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज आमच्या पाठीमागून आला. वळून बघते तर कारकून! उंच टोपी काखेत, हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्याच्याही गावचा देव रवळनाथच. लहानपणापासून ज्या हाकेला ओ दिली, तिला तो दिवसाढवळ्या कामावर ओ देऊन बसला होता. डोळे उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं. मेल्याहून मेल्यासारखं तोंड झालं त्याचं.

 बाबांनी तुरुंगात न्यायला मफलर बरोबर घेतला आहे ना, हे चाचपून बघितलं.

"आता काय करू मी?" कारकून तात्यांना म्हणाला. "देवाक व्हय म्हणान बसलंय."

"म्हटलास तर म्हटलास," तात्या म्हणाले. "देव काय कागद मागता?"

त्याने परवान्यावर शिक्का मारला. मग तात्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकानू, माका दीवेक धाडतत, गुजरातेच्या टोकाक. थंय माका कोण ओळखणा नाय. माज्यासाठी पण एक घाला." तात्यांनी पुन्हा टोपी सारखी केली आणि त्याच्या बदलीचं वेगळं, चांगलं लांबलचक गाऱ्हाणं घातलं. तरीवरच्या चाळीसेक माणसांनी त्यालाही हुंकार दिला. ती बदली चुकली की नाही, कळलं नाही.

खाडी ओलांडताना मावशी एकदाही मागे बघत नव्हती. आई मात्र तिच्याकडेच बघत होती.

घरी काकीने दारात भाकर-तुकडा ओवाळून टाकला आणि मावशीला म्हणाली, "माजा नाव लावन इलंस, आता माजी अर्धी कामा पण घे." कागदोपत्री काकी परदेश फिरून आली होती. ते ती मरेपर्यंत गावभर सांगत राहिली आणि मावशीला विचारून विचारून पेडण्याचं वर्णन करायची.

काय राहिलं म्हणाल तर मावशी राहिली. थोड्याच दिवसांत तर खरोखरच बंद झाली. आता या दोघी बहिणी! देवाने जन्मभर एकत्र ठेवावं आणि रोज भांडताना ऐकावं. कोकमाची सोलं वाळवण्यावरून, विळीच्या धारेवरून, कशावरूनही. भांडणाच्या शेवटी मावशी लुगडी गाठोड्यात बांधायची. "मी जातंय पेडण्याक!"

"जा, कोण अडवता तुका?" आई ठसक्यात म्हणायची. जाता येत नाही हे दोघींना ठाऊक होतं.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग गोवा मुक्त झाला, तर पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्याच भांडणात मावशीने गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "मी जातंय पेडण्याक."

 आईने विळी बाजूला सारली, मावशीच्या पुढ्यातलं गाठोडं ओढून घेतलं आणि एकेक लुगडं परत घडी घालून फळीवर ठेवत बसली. त्या दिवसानंतर आई तिला कधीही ‘जा’ म्हणाली नाही.