खिळ्यावर बसलेली खुडूक

कोंबडी खुडूक झाली की आधी तिचा आवाज बदलतो. नेहमीची कॉक-कॉक बंद, आणि तोंड न उघडता पोटातनं ‘खुड्... खुड्... खुड्’ चालू. मला तो हुबेहूब काढता येतो. शाळेत हेडसरांचा यायचा, आता कोंबडीचा येतो. प्रगतीच म्हणायची. बाकीची लक्षणं आईला जास्त कळतात. जागची हलत नाही, अंग फुगवून बसते, तुरा फिका पडतो, हात घातला की टोच मारते. दिवसातनं एकदा उठणार, एवढी मोठी घाण टाकणार आणि पळत परत अंड्यांवर.

आमची तांबडी अशी खुडूक झाली ती कोंबडा गेल्यावर. गेला म्हणजे आम्हीच खाल्ला.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, कासारसाई गावातल्या आमच्या घरावर खोल्या चढवल्या. वर हिंजवडीला कामाला जाणारा एक विदर्भातला भाडेकरू आला. रात्रभर त्याचं अमेरिकेशी बोलणं, पहाटे झोप, आणि नेमका तेव्हाच आमचा कोंबडा ड्युटीवर.

“काकू, तो कोंबडा लय ओरडून राह्यला ना. झोपच होऊन नाही राह्यली.”

“सायेब, कोंबडाय त्यो. त्यो वरडनारच,” आई म्हणाली.

पण दादाला भाडेकरू सोडायचा नव्हता. रविवारी कोंबडा कापला. वाटीभर रस्सा वर गेला आणि वरून आवाज आला, “वा काकू! गावरान ते गावरानच!”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यामागं उभा राहून बांग दिली. वरची खिडकी धाडकन उघडली, खालून दादाची चप्पल आली. आई तेवढी हसली. म्हणाली, “मान बी त्याच्यागतच ताणतुयास रं.”

त्यानंतर काही ती हसली नाही. कोंबड्या तिच्या होत्या. दादाच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी, भरे गावाला गेली होती, तिथनं येताना माहेरनं तिला एक तलंग दिली होती, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरणी कोंबडी. परसातलं सगळं खटलं त्या एकीचं. भऱ्यात आता मामानं पांढऱ्या कोंबड्यांची शेड टाकलीय, तिथं ही जात शिल्लक नाही. आमच्याकडं होती, आणि कोंबड्याशिवाय ती पुढं चालणार कशी?

तर अशात तांबडी खुडूक झाली. आईचं म्हणणं, कोंबडा गेला तरी पुढं आठवडाभर जी अंडी पडतात ती त्याचीच. ती तिनं बाजूला काढून ठेवली होती. टोपल्यात भाताचा पेंढा घातला, अंडी मांडली, आणि वीज कडाडली तर नासू नयेत म्हणून मधोमध एक लोखंडी खिळा ठेवला.

दादा म्हणाला, “येडी का खुळी तू? कोंबडा आपल्या पोटात हाय. अंडी कशाला सडवतीस? बुचकळ तिला पान्यात, नाकात पीस घाल, लागंल परत अंडी घालायला.” दादा गावरान अंडी भाडेकरूच्या ऑफिसातल्या लोकांना विकायचा. बसलेली कोंबडी म्हणजे त्याच्या हिशोबानं कामचुकार.

“आदी तुलाच बुचकळते,” आई म्हणाली.

काही दिवसांनी तिनं मला गोठ्याच्या अंधारात नेलं. माझ्या मोबाईलची बॅटरी लावली आणि त्यावर अंडं धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यागत लाल रेघा, मधे एक ठिपका. ठिपका हलत होता.

“लागली रं,” ती म्हणाली. दादाला हाक मारली, “ये की, बघ तरी!”

दादा फोनवर. तिथनंच म्हणाला, “बघितलं, बघितलं.”

मग माहेरच्या कुणाच्या तरी दहाव्याला आई भऱ्याला गेली, मी तिला घेऊन गेलो. मुक्काम पडला. तेवढ्यात ऑफिसची ऑर्डर आली आणि अंडी कमी पडली. दादानं तांबडीखाली हात घातला. टोचा खाल्ल्या, पण अंडी काढली, ओल्या फडक्यानं पुसून ट्रेत लावली.

आम्ही परत आलो तेव्हा भाडेकरू अंगणात हातात तवा घेऊन उभा. “हे काय आहे? हे आम्ही खायचं?” दादा त्याला सॉरी सर, सॉरी सर करत होता. आईनं तव्यात वाकून बघितलं.

“पिल्लाला डोळं आलं व्हतं,” एवढंच म्हणाली. मग विचारलं, “बाकीची कुटं?”

“हाफिसात गेली. काल रातीपासनं फ्रीजमधी हायेत.” आणि वर दादाच चिडला. “मला काय सपान पडतंय का? सांगायचं व्हतंस नीट!”

मी बोललो असतो, पण माझं बोलणं आमच्या घरात कोण खरं धरत नाही.

टोपल्यात खिळा राहिला होता. तांबडी त्याच्यावर बसली. तशीच, अंग फुगवून, खुड् खुड् करत. आई, जिनं जन्मात कोंबडी बुचकळली नव्हती, तिनं बादली भरली. नाकात पीसही घातलं. तांबडी भिजली, थरथरली, पीस झटकलं आणि परत खिळ्यावर. दाणा घेईना. हाताला नुसती हाडं लागायला लागली.

“तुला पिल्लाचा येतो का रं आवाज?” आईनं विचारलं.

“येतो.”

“काढ. उठंल तरी. चार दानं खाईल.”

अंगणात कण्या टाकल्या आणि मी उकिडवा बसलो. “चिंव... चिंव.” तांबडीनं मान वर केली. परत काढला. ती उठली, सरळ माझ्याकडं आली, आणि तिचा आवाजच बदलला, ‘कुक-कुक-कुक’, पिल्लांना खायला बोलवतात तसा. एक कणी उचलली आणि माझ्या अंगठ्यापुढं टाकली. दुसरी उचलली, तीही टाकली. स्वतः एक खाल्ली नाही.

वरच्या गॅलरीतनं भाडेकरू शूटिंग करत होता. “एक नंबर भाऊ! परत काढ ना!” दादा ओट्यावर हसत होता.

“गप,” आई म्हणाली. “बास झालं. गप बस आता.”

मी गप्प झालो. तांबडी मान वाकडी करून माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मग परत टोपल्याकडं चालायला लागली.

आईनं तिच्या आधी जाऊन टोपलं उचललं, पेंढा उकिरड्यावर ओतला, आणि खिळा आणून दादाच्या हातात ठेवला.

“घे. ह्यो तेवढा ऱ्हायला व्हता इकायचा.”