पाण्याची पिशवी

बोटांवर बकऱ्याची शिंगं चढवून फांद्यांवरून ऑलिव्ह ओरबाडायचे दिवस आले आणि नेमकी तेव्हाच लझरची पाठ धरली. मी त्याची आत्या. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. मेंढ्यांमागे डोंगर पालथे घालणारं वीस वर्षांचं पोर, त्याला कसली आलीय पाठदुखी?

"नाटकं सगळी! शिडीवर चढायला नको," माझा भाऊ बशीर म्हणाला.

"बाबा, पायाला मुंग्या येतात हो," लझर कळवळून सांगायचा.

वहिनीला, मोंजियाला, वेगळाच संशय. "शेजारणीची नजर लागली माझ्या लेकाला. मेली रोज टक लावून बघते!"

गावातल्या म्हाताऱ्या वैदूनं पाठीवर डागण्या दिल्या. कातडी तेवढी भाजली, दुखणं होतं तिथंच.

मग एकदा तो अंगणातून आत आला, एकाच पायात चप्पल घालून. दुसरी बाहेरच गळून पडली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.  असं नाटक कुणाला जमत नाही.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मणक्याचे फोटो पाहिले. "मणक्यात पाण्याच्या पिशव्या झाल्यात. फार क्वचित होतं असं. शिरा दाबल्या जातायत. उशीर केलात तर पाय जातील." मग एकदम विचारलं, "घरी कुत्रा आहे? ईदच्या मेंढ्यातलं त्याला काय घालता?"

मोंजियाचा चेहरा पांढराफटक पडला. मेंढ्याच्या काळजावर पाण्याचे फुगे दिसले की ते काळीज आम्ही खात नाही. मुक्या जिवाचा वाटा म्हणून ती दर ईदला कुत्र्यापुढे टाकायची. त्यातलेच जंत कुत्र्याच्या पोटात वाढले, त्यांची अंडी त्याच्या घाणीतून हाताला लागली आणि लझरच्या पोटात गेली, तिथून मणक्यात.

ऑपरेशन झालं. लझर काठी टेकत घरी आला, तर बशीर बंदूक काढून बसलेला. "आधी या कुत्र्याला संपवतो!"

"त्यानं मागितलं होतं का, बाबा?" लझरनं काठी आडवी धरली. "आपणच घातलं ना?"

बशीरनं बंदूक ठेवली. कुत्र्याला जंताच्या गोळ्या सुरू झाल्या.

यंदाच्या ईदलाही काळजावर फुगा निघाला. कुत्रा शेपूट हलवत उठला. मोंजिया त्याच्याकडे बघत क्षणभर थांबली, मग तिनं खोल खड्डा खणून ते पुरलं. वर दगड मी ठेवला. मला कुणाचाच भरवसा नाही.

पिशव्या पुन्हा होऊ शकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. लझर दारातून आत आला की मी आधी त्याचे पाय बघते. दोन्ही चपला दिसल्या की मगच त्याच्या तोंडाकडे बघते.