पेटीपुढचे बूट

पुरुषांच्या कपड्यांबद्दल मला फार मतं आहेत. होती असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मतं अजून आहेत, फक्त आता मी ती तोंडातल्या तोंडात ठेवते.

मी नाशिकच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या तरी मोबाइलवर आदल्या रात्रीच्या एखाद्या बक्षीस समारंभाचे फोटो असायचेच. मग सगळ्या जणी माझ्याकडे बघायच्या, कारण निकाल मी द्यायचे. हा हिरो धाकट्या भावाचं जॅकेट घालून आलाय. ह्याला कुणीतरी सांगा की साठी उलटल्यावर गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालू नये, लोक जखम विचारतात. क्रिकेटवाल्यांच्या सगळ्यांच्या दाढ्या एकाच न्हाव्याने एकाच दिवशी केल्यासारख्या. चूक काढणं हा माझा धंदाच, वह्यांत काढून उरलेली इथे काढायचे. दक्षिणेकडचा एक मोठा नट मात्र मला फार आवडायचा. तो अशा झगमगाटात साधी पांढरी लुंगी नेसून, पायात चपला घालून यायचा. त्याचा फोटो आला की मी म्हणायचे, बघा, ह्याला म्हणतात आत्मविश्वास!

माझा नवराही पांढराच सदरा आणि पांढराच लेंगा घालतो. पौर्णिमेला विहारात वंदनेला जातो तेव्हा, आणि गायला बसतो तेव्हा. एरवी तो सरकारी कचेरीत कारकून आहे, शर्ट-पँटमधला. तोच साधेपणा आमच्या घरातून बाहेर पडायला लागला की मी त्याला ‘अवतार’ म्हणायचे.

गातो म्हणजे चांगला गातो. पेटी स्वतःच वाजवतो. नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीत बारसं असो, जयंती असो, कुणाची हळद असो, त्याला बोलावणं येतं. मांडी घालून बसायचं, त्याआधी चपला लांब काढायच्या, पेटीला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग भाता उघडायचा. चुकून पेटीला पाय लागला तर हा माणूस दोन्ही कान पकडतो, आजूबाजूला कोण आहे ते बघतसुद्धा नाही.

पण त्याची एक खंत होती आणि ती मला पक्की माहीत होती. आयुष्यभर तो जेवणाआधी गायला होता. नाहीतर भाषणाआधी. पुढारी उशिरा येणार असला की दोन गाणी जास्त, आचाऱ्याने हात हलवला की गाणं अर्ध्यात बंद. तो एकदा मला म्हणाला होता, “एकदा तरी अशा लोकांपुढं बसायचंय जे फक्त ऐकायला आलेत. दहाच असू देत.”

आणि तशी संधी चालून आली. गंगापूर रोडवर एक लहानसं कॅफे आहे, जेमतेम चाळीस खुर्च्यांचं. तिथे शनिवारी संध्याकाळी कुणी ना कुणी गायला-वाजवायला असतं. बहुतेक गिटारवाली मुलं. कॅफे चालवणारी मुलगी आमच्या वसाहतीतल्या एका हळदीला आली होती. तिने ह्याचं गाणं ऐकलं आणि पत्ता शोधत घरी आली. म्हणाली, “काका, तासभर गा. लोकांना आवडलं तर दर महिन्यातला एक शनिवार तुमचा. आणि खास काही करू नका हं, जसे आहात तसे या.”

‘जसे आहात तसे या’ हे तिने दोनदा सांगितलं. मी ते चहाच्या वेळी ‘कशाला त्रास घेता’ म्हणतात तसलं समजले.

ती गेल्यावर मी ह्याला म्हटलं, “अहो, तिथे लेंगा चालणार नाही.”

“का?”

“ती विहारातली मंडळी नाहीत. शिकलेली, फिरलेली पोरं असतात. हसतील.”

“गाण्याला?”

“तुम्हाला.”

त्याने मान खाली घालून पेटी पुसायला घेतली. मला वाटलं, पटलं. कुणी हसेल म्हणून मी हे करत होते असं तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं. खरं असं होतं की माझ्या शाळेतल्या चौघीजणी गाणं ऐकायला येणार होत्या आणि मला त्यांच्यासमोर लेंग्यातल्या माणसाची बायको म्हणून बसायचं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते. वाटायलाच हवी.

मी मोबाइलमधला एका नटाचा फोटो निवडला. काळा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, घोट्याशी निमुळती होत गेलेली लिननची पँट, आणि मोजे न घालता तपकिरी लोफर बूट. मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे ह्याला घेऊन गेले. शिंपी म्हातारा, कामात मुरलेला. त्याने फोटो बघितला, ह्याच्या मांडीला टेप लावली आणि मला विचारलं, “मॅडम, सर खाली बसतात का? बसत असतील तर जरा ढिली ठेवतो.”

नवरा तोंड उघडणार तोवर मीच बोलले, “नाही. फोटोत आहे तशीच हवी.”

तो शनिवार आला. ह्याने कपडे घातले आणि खरंच सांगते, दहा वर्षांनी लहान दिसत होता. मी हौसेनं केस मागे वळवून दिले. तो आरशात एकदा बघून म्हणाला, “हा कोण हाय?” मी हसले. तो नाही हसला.

कॅफेत ह्याच्यासाठी हातभर उंचीचा मंच होता आणि त्यावर त्या मुलीने स्वच्छ गादी अंथरली होती, वर पांढरी चादर. तिला बरोबर कळलं होतं. ह्याने गादीकडे पाहिलं, मग पँटकडे, आणि शेवटी माझ्याकडे. खाली बसणं शक्यच नव्हतं, शिवण उसवली असती. मीच उठून उंच स्टूल मागून घेतलं, पेटीसाठी एक टेबल ओढलं, गादी बाजूला सरकवली. टेबल उंच झालं, त्यामुळे भात्यावरचा ह्याचा डावा हात खांद्यापासून उचलला गेला.

मग तो खाली वाकून लोफर काढायला लागला. सवयीनं. पहिल्या रांगेत मी फोटो-व्हिडिओसाठी मोबाइल धरून बसले होते. लोफरशिवाय त्या पँटला काही अर्थच नव्हता, आणि मोजे नसल्याने पाय उघडे पडले असते. मी मान हलवली, डोळ्यांनी दटावलं. वर्गातल्या मुलाला दटावते तसंच. त्याने अर्धा काढलेला पाय परत आत घातला. पेटीला हात लावला, पण तो कपाळाकडे नेता नेता मध्येच थांबला. पायात बूट असताना कसा नेणार? तो हात तसाच खाली आला आणि त्याने भाता उघडला.

गाणं वाईट झालं असं कुणी म्हणालं नाही. पण ते त्याचं गाणं नव्हतं. श्वास मध्येच तुटत होता. एरवी जिथे आवाज मोकळा सुटतो त्या जागेपाशी येऊन तो अलीकडेच थांबला. तिथे त्याने माझ्याकडे पाहिलं. मदत मागावी तसं पाहिलं, हे मला आता कळतं. फोटो फार सुंदर येत होता. मी अंगठा वर केला.

तिसऱ्या गाण्याला कॉफीचं मशीन सुरू झालं. मागच्या टेबलावर कुणीतरी सँडविच मागवलं. तासभराचं ठरलेलं गाणं चाळीस मिनिटांत संपलं आणि लोकांनी रीतसर टाळ्या वाजवल्या. म्हणजे इथेही तो जेवणाआधीच गायला.

घरी येताना स्कूटरवर तो एवढंच म्हणाला, “पाय जमिनीला लागतच नव्हते गं.”

मी म्हटलं, “त्यांचा साउंडच बेकार आहे.”

रात्री मी फोटो स्टेटसला ठेवला. बघता बघता उत्तरं आली. भाऊजी हिरो. लय भारी दिसतात सर. ओळखलंच नाही. मी एकेक मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मोबाइल हातात घेतला, सगळी उत्तरं शेवटपर्यंत खाली सरकवली आणि विचारलं, “गाण्याचं कुणी काही बोललं का?”

“सगळ्यांना आवडलंच की.”

त्याने मोबाइल परत दिला. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. वसाहतीतली दोन बोलावणी त्याने घसा बसलाय म्हणून परतवली.

माझं तरीही चुकलं असं मला वाटलं नव्हतं. आठवडाभर मी तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये दाखवत होते. शेजारी मुख्याध्यापकांची खोली, म्हणून आवाज नेहमी बंद. एका सकाळी ओट्यावर मोबाइल ठेवून भाकरी थापत होते, पिठाचा हात लागून तो व्हिडिओ सुरू झाला, आवाजासकट. माझं लक्ष तव्यावर होतं. मला वाटलं, कुणीतरी दबून, चोरून गातंय. कोण आहे बघायला वळले तेव्हा स्क्रीनवर माझाच नवरा होता. भाकरी करपली. मी गॅस बंद केला. अठरा वर्षं ज्या आवाजाशेजारी राहिले तो मला ओळखू आला नव्हता, आणि तो तसा मीच करून ठेवला होता.

त्याची माफी मागायची असं ठरवलं. मागितली नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता पावसाळा संपला. मग एक दिवस पेटी आपोआप माळ्यावरून खाली आली. तो म्हणाला, “महिन्याच्या पहिल्या शनिवारी विहारात सराव ठेवलाय.” मला एवढं बरं वाटलं की मी खोलात शिरलेच नाही. तो ऑफिसच्याच कपड्यांत पेटी घेऊन जायचा, साडेआठपर्यंत परत यायचा. आल्यावर अंघोळीला जाताना गुणगुणायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि स्वतःला थोडं माफ करून टाकायचे.

मध्ये एका रविवारी वंदनेनंतर, विहाराची चावी सांभाळणाऱ्या मावशी भेटल्या. मी म्हटलं, “शनिवारी ह्यांच्या सरावापायी तुम्हाला उशिरापर्यंत थांबावं लागत असेल.”

“कसला सराव बाई? शनिवारी संध्याकाळी विहाराला कुलूप असतं.”

घरी आले. तो भाजी आणायला गेला होता. मी पेटीचं खोकं उघडलं. पेटीखाली, जुन्या चादरीत गुंडाळून, पांढरा सदरा आणि लेंगा घडी करून ठेवला होता. सदऱ्याला कॉफीचा वास येत होता. घडीत त्या कॅफेचा कागदी रुमाल होता आणि त्यावर ह्याच्या अक्षरात गाण्यांचा क्रम लिहिलेला होता. एकूण अकरा गाणी, म्हणजे पुरता तास.

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. साधी दुधाची पिशवी फुटली तरी येऊन सांगायचा. त्याने मला फसवलं म्हणून मला एक क्षणही राग आला नाही. मला भीती वाटली. बायकोपासून लपवून न्यावं लागलं ते काय, तर एक लेंगा!

मी कपडे होते तसे ठेवले. धुऊन इस्त्री करावीशी वाटली, पण मग त्याला कळलं असतं की मला कळलंय, आणि पेटी पुन्हा माळ्यावर गेली असती.

पुढच्या पहिल्या शनिवारी तो निघाला. दारात चपला घालताना म्हणाला, “सरावाला जाऊन येतो.” मी म्हटलं, “सावकाश या.” अर्ध्या तासाने रिक्षा करून मीही गंगापूर रोडला गेले.

कॅफेचं काचेचं दार बंद होतं, आत एसी. मी बाहेरच्या कुंड्यांआड उभी राहिले. आत एकही खुर्ची रिकामी नव्हती, काही मुलं भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. कॉफीच्या मशीनपाशी ती कॅफेवाली मुलगी हाताची घडी घालून उभी होती, म्हणजे मशीन बंद होतं. कुणी खात नव्हतं. मंचाखाली ह्याच्या चपला जोडीनं लावलेल्या होत्या. तो गादीवर मांडी घालून बसला होता, डोळे मिटून, मान वर करून. ती जागा आली होती. ती मोकळी जागा. गळ्याची शीर ताठ झालेली मला बाहेरून दिसली.

दाराच्या मुठीवर मी हात ठेवला. नुसतं ढकलायचं होतं. पण दार उघडलं असतं तर त्याने डोळे उघडले असते, मला पाहिलं असतं, आणि सगळ्यात आधी त्याचा हात सदऱ्याच्या बटणाकडे गेला असता. ते मला बघवलं नसतं. मी हात काढून घेतला आणि काचेला कान लावून पाहिला. मागे रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता.

आवाज काही येत नव्हता. तो कसा दिसतो ते मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं.