घरोघरी जाऊन बोलावलेले वाचक

माझी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाइप करण्यात गेली. मुलुंडला एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, सबब अर्ज मंजूर व्हावा. भावाभावांची भांडणं, नवराबायकोचे काडीमोड, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, सगळं माझ्या बोटांतून गेलं आणि त्यात माझा स्वतःचा एक शब्द नव्हता. एकदा एका अर्जात मी माझ्या मनाने ‘अत्यंत’ एवढाच शब्द घातला, तर साहेबांनी त्यावर काट मारून कागद परत पाठवला. पुढे साहेब थकले, ऑफिस बंद झालं, आणि मी ठरवलं की आता जे टाइप करायचं ते आपलं.

म्हणून ब्लॉग सुरू केला. विषय मासे. मला दुसरं येतं काय? बांगडा ताजा आहे हे कल्ले बघून कसं ओळखायचं, मुडदुशा साफ करताना काय सांभाळायचं, तिरफळ कुठे घालायचं आणि कुठे अजिबात नाही. सोबत आईच्या आठवणी, गावच्या खाडीच्या गोष्टी. लेख ऐसपैस असायचे, कारण इतकी वर्षं तुंबलेलं होतं. वाचणारे म्हणाल तर नवरा, धाकटी बहीण आणि नवऱ्याच्या फोनवरून पुन्हा मीच.

या धाकट्या बहिणीची मुलगी अंधेरीला एका ऑफिसात दुकानदारांची सोशल मीडियाची पानं सांभाळते. कोणाच्या साड्या, कोणाचे केक. मोठ्या कौतुकाने मी तिला शिकवायला बोलावलं. तिने एका दुपारी मला सगळं भराभर सांगितलं. फोटो मोठा हवा, मजकूर छोटा हवा, लोक निवांत असतात तेव्हा टाकायचं, जमेल तिथे लिंक द्यायची. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझ्या डोक्यात नीट बसलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर, गावच्या मंडळाच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, इतकंच काय, नवऱ्याच्या सकाळी चालायला जाणाऱ्या ग्रुपवरसुद्धा लिंक टाकायला लागले. खाली ऑफिसच्या सवयीने लिहायचे, ‘सर्वांनी अगत्य वाचावे ही नम्र विनंती.’

कोणी वाचलं नाही. आणि मग मी जो घोळ घातला तो आमच्या सोसायटीत अजून सांगतात.

आमच्या इमारतीत निम्मी घरं गुजराती आहेत, त्यातली बरीच जैन. पर्युषणात पहिल्या मजल्यावरच्या काकींचा आठ दिवसांचा उपवास पूर्ण झाला. ग्रुपवर त्यांच्यावर अभिनंदनाचा पाऊस पडत होता, हात जोडलेले, फुलं, हारतुरे. मी वर काय चाललंय ते न बघता माझी लिंक चिकटवली. लिंकबरोबर फोटो आपोआप उमटतो हे मला तोवर माहीत नव्हतं. काकींच्या उपवासाखाली मसाला लावून ताटात ओळीने मांडलेल्या मुडदुशा, आणि त्याखाली सर्वांनी अगत्य वाचावे. दोन मिनिटांत सेक्रेटरींचा फोन आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच खाली गेले, काकींच्या पाया पडायला वाकले, तर त्या माऊलीने मला धरून हसायला सुरुवात केली आणि पारण्याचं मुगाचं कढण माझ्यापुढे ठेवलं. सेक्रेटरींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं.

भाचीला हे कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. तिचं म्हणणं सरळ होतं.

“मावशी, हे तुझ्याने नाय होणार. एवढं लांबलचक मराठी आता कोण वाचतं, सांग ना? मला पासवर्ड दे. मी इंग्लिशमध्ये रील्स करते. तू फक्त मासे तळ, बोलायचं मी बघते.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ‘बोलायचं मी बघते’ हे मला आतपर्यंत लागलं. म्हणजे पुन्हा हात माझे आणि शब्द दुसऱ्याचे. मी रागाच्या भरात म्हणाले की दिवाळीपर्यंत थांब, तोवर घराबाहेरची माणसं वाचायला लागली नाहीत तर पासवर्ड तुझा. ती हो म्हणाली. बोलून तर बसले, पण पुढे काय करायचं याचा मला पत्ता नव्हता. नवरा म्हणाला, तोंडाला कुलूप लावायला काय घेशील? त्याच्याशी मी दिवसभर बोलले नाही.

दसऱ्यानंतर आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते. आमंत्रणाचं काम बायकांकडे असतं आणि त्याची एक रीत आहे. कार्ड छापतात, ग्रुपवर टाकतात, हॉलच्या दारावर फलक लावतात, पण तेवढ्यावर एक माणूस येत नाही. घरी जाऊन, बसून, चहा पिऊन, घरातल्या थोरल्या माणसाला तोंडाने बोलवावं लागतं. नाहीतर पुढची पाच वर्षं ऐकून घ्या की आम्हाला कोणी विचारलंच नाही. त्या वर्षी भांडुप आणि कांजूरमार्गची घरं माझ्याकडे आली होती.

कांजूरमार्गच्या एका घरी एक काका आहेत, पूर्वी गिरणीत होते, आता खिडकीशी बसून असतात. त्यांची सून मला बघून म्हणाली की ग्रुपवर मासे टाकता त्या तुम्हीच ना, मी उघडलं नाही पण बघते. मला वाईट वाटलं तरी मी म्हटलं, आता उघड, काकांना वाचून दाखव. तिने नेमका तिखल्याचा लेख उघडला. तिखलं म्हणजे बांगड्याचं झणझणीत, दाटसर कालवण. आमची आई त्यात मूठभर ओल्या खोबऱ्याचं वाटप घालायची, तसंच मी लिहिलं होतं. तिथवर वाचून झालं आणि काका ताठ बसले.

“तिखल्यात वाटप? तुका कोणी शिकवल्यान?”

मी म्हटलं, आईने. ते म्हणाले की मग तुझ्या आजोळचीच रीत चुकीची. माझी कानशिलं तापली, पूजेचं आमंत्रण राहिलं बाजूला आणि आम्ही दोघं तिखल्यावर भांडलो. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी सुनेला विचारलं की हे जिथे छापलंय तिथे आपलं म्हणणं लिहिता येतं का. येतं म्हटल्यावर त्यांनी तिला सांगून भलंमोठं उत्तर लिहवून घेतलं. माझ्या ब्लॉगवर परक्या माणसाने लिहिलेला तो पहिला मजकूर, आणि त्यात माझ्या आईचा उद्धार होता.

घरी येऊन मी तो पुसणार होते. बोट तिथपर्यंत गेलंही होतं. मग पुन्हा वाचला. त्या माणसाने माझा लेख ओळ न् ओळ ऐकला होता, चूक काढण्यासाठी का होईना. मी इतके दिवस ग्रुपांवर फलक लावत होते. बोलावलं कोणालाच नव्हतं. कोणाला काही विचारलं तर मुळीच नव्हतं. आमच्या लोकांना ‘वाचा’ म्हटलं की ते उठून जातात, आणि ‘तुमच्याकडे हे कसं करतात हो’ म्हटलं की पाट घेऊन बसतात. इतकी वर्षं घरोघर आमंत्रणं करणाऱ्या बाईला हे फोनवर सुचू नये, याचा मला स्वतःचाच राग आला.

मी काकांना उत्तर लिहिलं की तुमच्या घरची रीत सविस्तर सांगा, मी तुमच्या घराच्या नावाने वेगळी छापते. त्यांनी सांगितली, मी छापली. मथळा दिला, ‘तिखल्यात वाटप घालावं का?’ आणि या वेळी लिंक कुठल्याही ग्रुपवर फेकली नाही. ओळखीच्या एकेका माणसाला नावानिशी निरोप पाठवला. वेंगुर्ल्याच्या वहिनींना, रत्नागिरीकडच्या जुन्या मैत्रिणीला, वेसाव्याच्या कोळणीकडून मासे घेणाऱ्या माझ्या नणंदेला. प्रत्येकीला एकच प्रश्न, तुमच्या आईकडे कसं होतं?

मग जे झालं ते झकास झालं. वहिनी म्हणाल्या वाटप नाही म्हणजे नाहीच. मैत्रीण म्हणाली घातलं तर बिघडलं कुठे. नणंदेने चिंचेचा विषय काढला आणि कोकमवाले सगळे तिच्यावर तुटून पडले. ज्यांना एकट्याने भांडायला कमी पडलं त्यांनी आपल्या मावश्या, आत्या, दीर आणले. आखातातल्या कोणी लिहिलं, बोरिवलीच्या कोणी लिहिलं. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचे, वयाने मोठा वाटला तर अहो काका म्हणून, बरोबरीची असेल तर सरळ अगं बाई म्हणून. भाचीने फोनवर मला समजावलं की जिथे लोक बोलतात ती पोस्ट फोन आणखी लोकांना दाखवतो. मला ते लगेच पटलं. गल्लीत एका दारात आवाज चढला की बाकीची दारं उघडतात, तसंच ते होतं. फक्त भांडण माशाचं राहील, माणसाचं होणार नाही, हे बघायला घरची बाई दारात उभी हवी. ती मी होते.

आता दर लेख मी प्रश्नावर संपवायला लागले. लेख तेवढेच लांब, मराठी तेवढीच मराठी. एका सकाळी मुलुंडच्या मासळीबाजारात माझ्या शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई फोनमध्ये बघून मैत्रिणीला वाचून दाखवत होती, ‘कल्ला उचलायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.’ माझं वाक्य. माझ्याच कानांनी ऐकलेलं, माझ्यासमोर. मी गप्प राहायचं ठरवलं, पण मला कधी ते जमलंय? मी म्हटलं, ते मी लिहिलंय. त्या बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, मग तुमच्यासाठी आम्ही बाजूला होतो, आधी तुम्ही घ्या. त्या दिवशी मी गरजेपेक्षा दुप्पट मासे आणले.

दिवाळीच्या आधी भाची फराळाचं सामान घेऊन आली. मी चकल्या तळत होते. पैज मी जिंकले होते हे तिलाही दिसत होतं, पण ती इतक्यात हार मानणारी नव्हती. म्हणाली, ठीक आहे, पण हे सगळे तुझ्याच वयाचे, माझ्या वयाचं यात कोण आहे? पासवर्ड दे, थोडं तरी रीलमध्ये करू.

मी तिला विचारलं, “तू एकदा तरी वाचलंयस का यातलं?”

तिने हातातलं फराळाचं सामान ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, “मावशी, मला मराठी वाचायला टाइम लागतो गं.”

मी म्हटलं की टाइम भरपूर आहे, चकल्यांचा घाणा अजून अर्धासुद्धा झालेला नाही. तिने ओट्याला टेकून तिखल्याचा लेख उघडला. ओठ हलवत, अडखळत, मध्येच एखादा शब्द मला विचारत ती वाचत राहिली. आजीच्या हातचं वाटप आलं तिथे तिने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मग खालचं भांडण वाचायला लागली. एकदा हसली. एकदा कपाळाला आठी पडली. मी चकल्या सोडत होते, पण माझं लक्ष तेलात अजिबात नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती खाली बसली आणि दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी लिहायला लागली. माझा फोन वाजला. पिठाच्या हाताने मी तो उचलला. तिखल्याच्या लेखाखाली, काका, वहिनी, नणंद सगळ्यांच्या खाली, तिचं नाव होतं. दोन ओळी, त्यात सात चुका.

माझी आइ वाटप घालत नाहि. आणी तिच तिखल मावशीपेक्शा भारी होत.

डोळे पुसावेत तर हाताला पीठ आणि तिखट. म्हणून मी आधी हात धुतले आणि मग सगळ्यांच्या देखत उत्तर लिहिलं, ‘तुझ्या आईला तिखलं कोणी शिकवलं, ते आधी तिला विचार.’ पासवर्डाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ती खाली मान घालून मला पुढचं उत्तर लिहीत होती, मराठीत, एकेक अक्षर शोधून.