नागपूर नव्हे, विजापूर रोड

धाकटा भाऊ मॅट्रिक झाला आणि त्याला सायकल मिळाली. मी त्याच्याआधी दोन वर्षं मॅट्रिक झाले होते, त्याच्यापेक्षा चांगल्या मार्कांनी, आणि मला मिळाला होता सिटी बसचा पास. नवीकोरी सायकल अंगणात उभी होती, भाऊ तिच्या घंटीवरून बोट काढत नव्हता, आणि मी अप्पांना म्हणाले, "मलाही पाहिजे."

अप्पा दुकानाला निघाले होते. "सायकलवर बसून कुठं जाणार आहेस? कॉलेज आणि घर. त्याला बस आहे की."

तेवढं बोलून ते गेले. मंगळवार पेठेत आमचं भुसार मालाचं दुकान होतं. घरात आम्ही कानडी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. एकोणीस वर्षं मी सोलापुरात राहिले होते आणि मला माहीत होत्या तीन पेठा, सिद्धेश्वराचं देऊळ आणि कॉलेजचा रस्ता. भाऊ पंधरवड्यात गाव पालथं घालून आला. रात्री जेवताना सांगायचा, आज बाळे गावाला गेलो, आज विमानतळाकडं गेलो. अप्पा कौतुकानं ऐकायचे. मी भाकरी कुस्करत बसायचे. माझ्या तोंडात घास फिरायचा, इतका राग यायचा.

पासावर कुठून कुठवर हे लिहायची एक ओळ होती. त्या महिन्यात खिडकीवरच्या कारकुनानं शिक्का मारला, सही केली आणि ती ओळ भरायची विसरला. मी दोनदा पाहिलं. मग पास पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारचे तास बुडवून समोर जी बस आली तिच्यात बसले.

आधी मी पूर्व भागात गेले. बस त्या गल्ल्यांच्या तोंडाशी आली की यंत्रमागांच्या खडखडाटात कंडक्टरचा आवाज ऐकू यायचा नाही. बाया दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, एकीकडे तेलुगूत भांडत, आणि बोटं मात्र क्षणभर थांबत नव्हती. मग होटगी रोडला गेले. मग बाळ्याच्या बाजूला, जिथं दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला अजून तसेच पडून होते. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा होईस्तोवर बसून राहायचं, आणि त्याच बसनं परत. उतरायची हिंमत नव्हती. बाईमाणसानं उगाच कुठं उतरायचं नसतं, हे माझ्याही हाडात मुरलं होतं.

शिवाय प्रत्येक कंडक्टर विचारायचा. भावाला कोणी विचारत नव्हतं, मला सगळे विचारायचे.

"कुटं जायचं बाई?"

"शेवटी."

"शेवटी काय न्हाय तितं. माळ हाय. कुनाकडं जायचंय?"

मुलगी म्हणजे कुणाकडं तरी जात असली पाहिजे. मी म्हणायचे, मावशीकडं. तीनेक आठवड्यांनी एक पोक्त कंडक्टर पास बघता बघता म्हणाला, "परवा बाळ्यात मावशी, आज विजापूर रोडला मावशी. लई मावश्या हायत की तुमाला!" बस हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्याच फेरीत मला माझी बहीण दिसली.

तिच्याबद्दल सांगायला हवं. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शिक्षिकेची नोकरी करायची. मी दहावीत असताना तिनं तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं. ते बौद्ध होते. अप्पांनी त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली, आक्काची शाळेतली बक्षिसं कपाटातून काढून रद्दीत घातली आणि आम्हा दोघा भावंडांना सांगितलं की या घरात तिचं नाव निघता कामा नये. लोकांनी विचारलं तर धारवाडकडं दिली म्हणून सांगायचं. मी अव्वाला, म्हणजे आईला, एकटीला गाठून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नागपूरला गेली. त्यांचे लोक तिकडचे. आता काही येत नाही ती." नागपूर म्हणजे रेल्वेनं कुठल्या कुठं. मी ते धरून चालले. पत्ता विचारला नाही. तीन वर्षांत एकदासुद्धा विचारला नाही, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

विजापूर रोडच्या त्या शेवटच्या थांब्यावर बस वळण घेऊन लिंबाखाली उभी राहिली. समोर एक नळ होता. नळावर सातआठ बाया, घागरींची रांग, आणि रांगेत कडेवर मूल घेऊन आक्का. वाळली होती. पण उभी राहायची तशीच, एक पाय तिरका ठेवून.

मी उतरले कशी ते आठवत नाही. जवळ जाऊन "आक्का" म्हणाले. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली.

"कोण गेलं? अव्वा?"

"कोणी नाही. सगळे बरे आहेत."

"मग कोणी पाठवलं तुला?"

"कोणीच नाही. मी बसमध्ये... गाव बघायला म्हणून फिरते. पास आहे."

मला वाटलं आता ती मिठी मारेल. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कानडीत, नळावरच्या बायांना कळू नये म्हणून अगदी हळू, पण दातांतून बोलली, "गाव बघायला. तीन वर्षं ही बस तिकडून इकडं येते. दिवसातनं किती फेऱ्या होतात माहीत आहे? तुमच्यातलं एक माणूस उतरलं नाही. आणि तू आज आलीस ते गाव बघायला."

"अव्वा म्हणाली तू नागपूरला..."

"अव्वाला मी पत्रं घातली. इथला पत्ता घालून. बाळंतपणाच्या आधी निरोप धाडला, की येऊ नको, नुसतं लुगड्याचं एक जुनेर पाठव. अप्पा महिन्यातनं एकदा या रस्त्याच्या दुकानांत उधारी मागायला येतात. मला समोर बघून त्यांनी रस्ता ओलांडला आहे. नागपूर!"

ज्या खोटेपणात मी तीन वर्षं जेवले-झोपले, तो इतका जवळ, एका बसच्या अंतरावर होता. त्याला लपवायचीही कोणी तसदी घेतली नव्हती. मी कुठं जाणारच नाही याची त्यांना इतकी खात्री होती.

बस निघाली, मी गेले नाही. आक्काची एक घागर मी उचलली. वस्ती थांब्यापासून आणखी अर्धा मैल पुढं होती. बस तिथवर जात नव्हती आणि नळही नव्हता. वस्तीच्या लोकांनी दोन्हींसाठी अर्ज करून झाले होते. घागरीनं माझं मनगट वळलं, आणि आक्का हे रोज, सकाळची शाळा करून, मूल सांभाळून करत होती.

दोन खोल्यांचं घर, बाहेर शेणानं सारवलेली ओटी. भावोजी शाळेतून यायचे होते. त्यांची आई दारात धान्य पाखडत बसली होती. आक्कानं "माझी बहीण" म्हटल्यावर म्हातारी लगबगीनं उठली. हात धुतले, चूल फुंकली आणि कपात चहा ओतून, कप हातात धरूनच मला विचारलं, "पोरी, आमच्या हातचा घेतीस न्हवं? न्हाई घेतलास तरी राग न्हाई बग."

मी घेणारच होते. पण त्या आधी मी थांबले. किती? पापणी लवेपर्यंत. माझ्या मनात काही विचार आला असंही नाही, हातच पुढं झाला नाही लगेच. आक्का माझ्याकडेच बघत होती. तिनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग मी चहा घेतला, घाईनं, जीभ पोळली. म्हातारी म्हणाली, "दमानं पी, दमानं." तिच्या जागी मी असते तर कप उचलून बाहेर ओतला असता.

निघताना मी आक्काच्या मुलीला घेतलं. कपाळ थेट अव्वाचं. रुंद, मध्ये किंचित खळगा असलेलं. आक्का थांब्यापर्यंत आली. "परत येणार असशील तर ये," ती म्हणाली. "एकदाच येऊन डोळे पुसून जाणार असशील तर हे आजचंच पुष्कळ झालं."

घरी आले तेव्हा अव्वा ज्वारी निवडत होती. मी सरळ म्हणाले, "आक्का विजापूर रोडला राहते. तिला मुलगी आहे."

तिची बोटं ताटातल्या ताटात फिरत राहिली. "हळू बोल."

"तू पत्रं वाचलीस?"

"मला कुठं मराठी वाचता येतं?"

"मग माझ्याकडून वाचून घ्यायची होतीस."

"चुलीत घातली," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला लागली असती तर?" आणि खडा उचलून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा जेवायला आले. मी वाढत होते. ताट पुढं ठेवलं आणि उभ्यानंच विचारलं, "अव्वाला नागपूर म्हणायला तुम्ही का लावलंत?"

त्यांना लगेच कळलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "नागपूर म्हणजे काय? लांब. ती लांबच आहे."

"एका बसवर आहे."

"तुझ्यासाठी सुद्धा लांबच आहे. तिथं खाल्लंस-प्यालीस काही?"

"चहा घेतला."

अप्पांनी ताट सरकवलं. त्यांच्या तोंडून त्या लोकांच्या जातीचं जुनं नाव निघालं. पुढंही बरंच बोलले, ते मी इथं लिहीत नाही. मग उठून माझी पर्स उघडली, पास काढला आणि अव्वाच्या हातात दिला. अव्वानं तो चुलीत घातला. या घरात कागदांचं काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर भावानं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कॉलेजला सोडायचं आणि आणायचं असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सात रस्त्याच्या चौकात मी त्याला म्हणाले, "वळव इकडं. आक्काकडं जाऊ. तुला भाची आहे."

त्यानं पाय टेकले. आक्कानं त्याला लहानपणी पाढे शिकवले होते, तापात त्याच्या उशाशी बसली होती. तो म्हणाला, "अप्पा सायकल काढून घेतील."

मी उतरले आणि कॉलेजपर्यंत चालत गेले. तो मागून हळूहळू येत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी न लपवता निघाले. अंगणात शेजारच्या दोघी वाती वळत होत्या. एकीनं विचारलं, "कुठं गं एवढ्या सकाळी?" मी थांबून मोठ्यानं सांगितलं, "आक्काकडं. धारवाडला नाही दिली तिला, विजापूर रोडला असते. तिचे यजमान शिक्षक आहेत, बौद्ध आहेत." आतून अव्वानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मी उन्हातून पायी गेले. आक्कानं दारातच माझ्या पायांकडं पाहिलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि पहिल्यांदा जरा हसली.

संध्याकाळी घरी मार बसला. अप्पांनी त्याआधी मला कधी मारलं नव्हतं. पण अंगणात बोललेलं परत घेता येत नाही. आठवड्यात पेठेला माहीत झालं. मी दर रविवारी जात राहिले आणि अप्पाही शेवटी थकले. माझी दोन स्थळं मोडली, कारण बघायला आलेल्यांनी "किती भावंडं?" विचारलं की मी तीन सांगायचे आणि तिसऱ्याचा पत्ताही सांगायचे. ज्यांनी नंतर होकार दिला त्यांच्या घरात मी आज तीसहून जास्त वर्षं आहे. ते लग्नाआधी आक्काकडं जेवून आले होते. अप्पा माझ्या लग्नात अक्षता टाकण्यापुरते उभे राहिले, आणि आक्का आली आहे हे पाहून जेवायला थांबले नाहीत.

अव्वानं पुढं कधी चोरून चटणीची पुडी किंवा नातीसाठी झबलं पाठवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. लोकांना तसं ऐकायला बरं वाटतं. तिनं काही पाठवलं नाही. अप्पा गेल्यावर तिला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. मी एकदा रिक्षा दारात उभी करून म्हणाले, "चल." ती नवं लुगडं नेसली, विभूती लावली, चपला घातल्या आणि पायरीवर बसली. बराच वेळ बसली. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मग म्हणाली, "गुडघे दुखतात. पुढच्या खेपेला बघू."

मी त्याच रिक्षातून एकटी आक्काकडं गेले आणि घडलं ते तिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा अव्वाला बोलेल, म्हणजे मलाही बोलता येईल. तिनं हातातली वही पुरी केली, खाली सही केली.

"नाही आली ते बरं झालं," ती म्हणाली. "आली असती तर मला तिच्याशी बरं बोलावं लागलं असतं."

आणि पुढची वही उघडली.