आत्याचा माइक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — बघू, जमतं का.

मी हळदीत कीबोर्ड वाजवतो. कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत आम्हा आगऱ्यांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी गोष्ट. मांडवात आधी धवलारीण धवले म्हणते, तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो, आणि मग आमचा धांगडधिंगा. माझी आत्या धवलारीण होती. होती — हा शब्द माझ्यामुळे आला.

चुलतभावाच्या हळदीला माझा कीबोर्ड नवाकोरा होता. आत्याला त्याचं कोण कौतुक! जन्मभर मोकळ्या गळ्याने गायलेली बाई. त्या संध्याकाळी मीच हौसेने तिच्या हातात माइक दिला. तो कीबोर्डलाच जोडलेला, त्याच्या आवाजाचं बटण माझ्या डाव्या हाताशी. धवला संथ, लांबलचक. पोरं कंटाळली, शिट्ट्या मारायला लागली. मला काय वाटलं सांगू? लाज वाटली. तिची — आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिची. मी ठेक्याचा आवाज चढवला आणि माइकचा उतरवत उतरवत शून्यावर नेला.

पोरं नाचायला लागली. आत्या गात होती, पण तिचं तिलाच ऐकू येईना. तिने जोर लावला, गळ्याच्या शिरा फुगल्या — आणि धवला अर्धा सोडून ती मांडवातून उठली.

"माजा गला गेला रं पोरा," नंतर म्हणाली. "मायकान पन आवाज नाय आला."

तेव्हाच बोलायचं होतं ना? एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "वय झाला आत्या, आता आराम कर."

त्यानंतर तिने एकाही मांडवात तोंड उघडलं नाही. मी तिला ज्येष्ठमध आणून दिलं. कल्याणला घशाच्या डॉक्टरकडे नेलं — हो, मीच! डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. बाहेर आल्यावर मी तिला पुन्हा वयाचंच कारण दिलं. आता प्रत्येक लग्नात लोक मलाच विचारतात, आत्या का गात नाही रे? मी माझ्याच गळ्याला हात लावून मान हलवतो. सुटायचं कुठून? आज खरं बोललो, तर इतकी वर्षं का नाही बोललास, याला काय उत्तर देऊ?

गेल्या महिन्यात माझ्या मुलीची हळद झाली. धवला म्हणायला कुणीच नव्हतं, म्हणून मी सुरुवातीपासून वाजवतच होतो. मध्येच दम खायला ठेका बंद केला, तर मागून धवला ऐकू आला. आत्या भिंतीकडे तोंड करून गात होती. हळू, पण स्वच्छ. एक सूर हललेला नाही. मांडव शांत झालेला जाणवला तशी ती दचकली, तोंडाला पदर लावला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "कोनी आयकला तं नाय ना रं?"

मी ऐकलं होतं. हळद लागलेल्या माझ्या मुलीनेही ऐकलं होतं, ती वळून बघत होती.

"नाय आत्या," मी म्हणालो, आणि ठेका पुन्हा सुरू केला.