मापाच्या वहीतली राणी

रिताची आणि वासुदेवरावांची ओळख किती, तर चार वर्षांच्या दुपारींची. एवढ्या दुपारी एकाच बाकावर काढल्या, तरी तिच्याविषयी सांगायला बसलं तर त्यांच्याजवळ फार थोडं निघतं. ती सासर सोडून का आली, हे त्यांना माहीत नाही. सासर आसगावकडचं, एवढं कानावर होतं. तिची आई कधी वारली, ती चहात साखर किती घ्यायची, तिला गावात कुणाची भीती वाटायची, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. मिओरी राणीचा शिक्का कुणाजवळ असतो, हिसामे घराणं तळ्याची दारं का उघडत नाही, तोरागांच्या कोठारात धान असून शहर उपाशी का. ते सगळं त्यांना आजही तोंडपाठ आहे.

गाव लाखांदूरहून एसटीनं अर्ध्या तासावर. थांब्याला लागून ग्रामपंचायतीचे तीन गाळे आणि मधल्या गाळ्यात रिताची शिलाई मशीन. वासुदेवराव डाकघरातून निवृत्त झाले होते. दुपारच्या गाडीनं त्यांचा पेपर यायचा आणि गाडीला वेळेचं बंधन नव्हतं. म्हणून ते गाळ्याबाहेरच्या बाकावर बसत. ऊन वाढलं की रिता म्हणायची, आत सरका जी काका, आणि ते बाक ओढून उंबऱ्याशी घेत.

ती तुरपाई करताना दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला मोबाइल टेकवून काहीतरी पाहत असे. मोठ्या डोळ्यांची, रंगीत केसांची माणसं हिंदीत बोलत. लहान पोरांचं कार्टून, असं समजून वासुदेवरावांनी पहिले काही दिवस तिकडे पाठ केली. मग एक दिवस त्यातला कुणी म्हातारा म्हणाला की गादी राणीची असू दे, शिक्का आपल्याजवळ आहे. वासुदेवरावांनी मान वळवली. छत्तीस वर्षं त्यांनी डाकघराचा तारखेचा शिक्का सांभाळला होता. शिक्क्याची गोष्ट त्यांना कळत होती.

"हा कोन होय?" त्यांनी विचारलं.

"राणीचा काका होय, गेन्झो," रिता म्हणाली. "बसा, मागून सांगतो."

तिनं मागून सगळं सांगितलं. हे जपानी असतं, याला ॲनिमे म्हणतात. एक मोठं तळं आहे आणि त्याच्यावर खांबांवर उभं केलेलं शहर. एकोणीस वर्षांची मिओरी गादीवर बसते, पण राज्य तीन जणांत वाटलेलं आहे. शिक्का काका गेन्झोजवळ, कारण राणी अजून लहान. धानाची कोठारं तोरागा घराण्याजवळ. तळ्याची दारं हिसामे घराण्याजवळ. दरबाराचा कायदा असा की तिघांनी माना हलवल्याशिवाय राणीनं तोंड उघडायचं नाही. तिघं एकमेकांचे वैरी, पण राणी बोलायला लागली की तिघं एक होतात.

वासुदेवरावांना ही नावं काही केल्या लक्षात राहत नव्हती. गेन्झो आणि हिसामे यांचा घोटाळा व्हायचा आणि अर्धा भाग संपला तरी ते विचारत, हा आपला की त्यांचा. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय केली. गेन्झो म्हणजे केशवराव. गावात सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव होतं, म्हणून केशवरावांच्या पत्नी निर्मलाबाई सरपंच होत्या आणि शिक्का केशवरावांच्या पिशवीत असे. तोरागा म्हणजे धान खरेदीचा तेजराम. तळ्याच्या दाराशी उभा राहणारा हिसामेंचा माणूस म्हणजे डोमा, पंचायतीचा शिपाई, कारण गावतलावाचं पाणी तोच सोडायचा. आणि राणी कोण, हे सांगायची गरजच नव्हती.

रिता खूप हसली. एरवी ती गालात हसायची, त्या दिवशी मशीन थांबवून हसली. तिच्या मापाच्या वहीत मागच्या पानांवर तिनं घराण्यांचा नकाशा काढला होता, कोण कुणाच्या बाजूनं, कुणी कुणाला फसवलं, बाणांसकट. त्या नकाशात तिनं प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं वासुदेवरावांनी ठेवलेलं नाव लिहिलं. "आता तं नाही विसरणार ना?" ती म्हणाली. नकाशा त्यांच्यासाठी उघडा राहू लागला. पुढच्या भागात डोमानं दार उघडलं नाही, केशवरावानं शिक्का लपवला, अशाच भाषेत दोघं बोलत. त्यात कुणाबद्दल वाईट नव्हतं. असं वासुदेवराव स्वतःला सांगतात.

मागच्या पोळ्याच्या आधी बचत गटाच्या बायांनी रिताला गळ घातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यासाठी तूच काहीतरी बसव. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, वेशभूषा करतात, एखादी झाकी, म्हणजे सोंगांचा मुका देखावा, निघते, आणि सरपंच बक्षिसं वाटतात. दरवर्षी तेच शेतकरी आणि तेच सैनिक पाहून लोक कंटाळले होते. रितानं तळ्यावरचं राज्य दाखवायचं ठरवलं. उरलेल्या अस्तरांतून तिनं पंधरा दिवसांत तीन घराण्यांचे झगे शिवले, पुठ्ठ्याचे मुखवटे केले. राणी व्हायला शेजारची दहा वर्षांची डिंपल होती.

अडचण एकच होती. राणीच्या हातात सत्ता नाही, हे लोकांना दिसणार कसं? मोबाइलमध्ये ते बोलण्यातून कळतं, झाकीत कुणी बोलत नाही. रितानं ही अडचण वासुदेवरावांना सांगितली. कुणी त्यांचं मत विचारावं, असे प्रसंग त्यांच्या आयुष्यात थोडे. घरी सून विचारत नसे, डाकघरात साहेब विचारत नसत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, कठपुतळीसारख्या दोऱ्या बांध. राणीच्या खांद्यांतून तीन दोऱ्या, एकेक टोक एकेका घराण्याच्या हातात.

रितानं परकराच्या लाल नाड्या काढल्या आणि लावून पाहिल्या. "काका, तुमचं डोकं लय चालते जी," ती म्हणाली. वासुदेवराव त्या दिवशी पेपर न घेताच घरी गेले.

तान्ह्या पोळ्याला झाकी निघाली तेव्हा ते मारुतीच्या पारावर बसले होते. डिंपल मुकुट घालून मान ताठ ठेवून चालत होती आणि तीन पोरं तिला दोऱ्यांनी ओढत होती. शिक्का धरलेल्या पोरानं पांढरी टोपी घातली होती. ती रितानं दिली नव्हती, पोरानं घरूनच घालून आणली होती. केशवराव पांढरी टोपी घालत. मागे कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. निवडणूक तीन महिन्यांवर होती आणि निवडणूक जवळ आली की गावात साध्या खोकल्यालाही गट असतो. व्यासपीठावर निर्मलाबाई बक्षिसं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डिंपलला पहिलं बक्षीस दिलं. तिच्या खांद्यावरची नाडी सुटली होती, ती त्यांनी नीट केली. मग केशवरावांनी खुणावलं आणि त्या खाली बसल्या.

एवढ्यावरही निभावलं असतं. चार दिवसांनी डोमा सरपंचबाईंचा ब्लाउज न्यायला गाळ्यात आला. रिता माप बघायला वही काढून ठेवून आत इस्त्री करत होती. डोमानं पानं उलटली. त्याला वाचता फार येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कुणालाही वाचता येतं. त्यानं मोबाइलनं फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर होता. गेन्झो, पुढे केशवराव. मिओरी, पुढे निर्मलाबाई. बाणांसकट.

नात गुड्डीनं तो फोटो वासुदेवरावांना दाखवला. त्यांच्या मनात पहिलं काय आलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. त्यांनी अक्षर पाहिलं. अक्षर रिताचं होतं. त्यांना हायसं वाटलं.

शनिवारी पंचायतीत बैठक बसली. तंटामुक्ती समितीचे सदस्य म्हणून वासुदेवरावांनाही निरोप होता. निर्मलाबाई मधल्या खुर्चीवर होत्या आणि शेजारी केशवराव. रिता दाराशी उभी होती, बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. केशवराव म्हणाले, मॅडमचा अपमान झाला, मॅडमला फार लागलं, मॅडमचं म्हणणं आहे की याच्यामागे कोण आहे ते कळलं पाहिजे. मॅडम टेबलावरच्या कागदाकडे पाहत होत्या.

रितानं सांगितलं, हे कार्टून आहे, त्यातली राणी तशीच आहे, गावाचा काही संबंध नाही. मोबाइल काढून दाखवायलाही ती तयार होती.

"कार्टूनमंधी केशवराव कुठून आला?" केशवरावांनी विचारलं.

तेजरामनं विचारलं, ही नावं तुले कोणं सुचवली, विरोधी गटाचा कोणता माणूस तुह्या गाळ्यात बसते? आता ती आपलं नाव घेणार, असं वासुदेवरावांना वाटलं. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलंही होतं. नावं माझी आहेत, मला जपानी नावं आठवत नाहीत, म्हणून. एवढं सांगितलं असतं तर फार तर लोक हसले असते. एकाहत्तर वर्षांचा डाकमास्तर रोज दुपारी एका एकट्या बाईच्या गाळ्यात बसून कार्टून पाहतो. हे हसणं त्यांनी कानांनी ऐकलं, अजून कुणी हसलंही नव्हतं तरी.

रितानं त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"मीच लिवली," ती म्हणाली. "अक्षर माह्यंच हाय."

केशवराव मग वासुदेवरावांकडे वळले. तुम्ही तं तिथंच बसता, तुमाले काही माहीत? वासुदेवराव म्हणाले, "मी पेपरची वाट पाहतो."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त टोचतं.

ठराव झाला की गाळ्याची मुदत संपते आहे ती वाढवू नये. कागद फिरला. निर्मलाबाईंनी सही केली, शिक्का केशवरावांनी पिशवीतून काढून मारला. वासुदेवरावांची सही चौथी. त्यांचं अक्षर चांगलं आहे, डाकघरात सगळे म्हणायचे.

रिताचे वडील मंगरू एकदा त्यांच्या घरावरून गेले. नेहमीसारखा रामराम घातला. नावं कुणाची ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे तिनं घरीही सांगितलं नव्हतं. वासुदेवरावांनी रामराम घेतला आणि दार लावून घेतलं. पुढचे अठरा दिवस ते थांब्याकडे फिरकले नाहीत. पेपर गुड्डी आणायची. रोज ते ठरवत, उद्या केशवरावांकडे जाऊ आणि सांगू. एकदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलेही. आत निर्मलाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, काही काम होतं का जी, आमच्या यायले बोलावू का. वासुदेवराव म्हणाले, नाही, सहज. त्या थोडा वेळ सूप तसंच धरून थांबल्या, जणू त्यांनाच काही विचारायचं होतं. मग पाखडू लागल्या.

एकोणिसाव्या दिवशी गुड्डीकडून कळलं की रिता नागपूरला चालली, कपड्यांच्या कारखान्यात. मशीन आदल्या दिवशीच गेली होती. वासुदेवराव सकाळच्या गाडीला थांब्यावर गेले. वाटेत त्यांनी वाक्य घोकलं होतं. ती नावं माझी होती, आणि मी आज पंचायतीत जाऊन तसं लिहून देतो. एवढंच वाक्य, कुठं अडण्यासारखं काही नाही.

रिता बाकावर बसली होती, पायाशी बॅग. गाळ्याला पंचायतीचं कुलूप होतं. तिनं सरकून जागा दिली. ते बसले.

"पेपर तं दुपारी येते जी काका. आज सकाळीच?"

"असाच आलो," वासुदेवराव म्हणाले.

गाडी वळणावर दिसली. रिता उठली, बॅग खांद्याला लावली. वासुदेवरावही उठले. वाक्य तोंडाशी आलं होतं आणि बाहेर येताना त्याचं भलतंच झालं.

"राणीचा दुसरा सीझन येनार होता म्हने," ते म्हणाले.

"दिवाळीच्या आगूदर येऊन राहिला. तुमच्या मोबाइलवर दिसते. गुड्डीले सांगा, लावून देईल."

"नावं ध्यानात नाही राहत मले."

"मंग लिहून ठेवत जा जी," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

"हो," वासुदेवराव म्हणाले.